बटणाच्या आधी दार

१४ ऑक्टोबर

मामा,

हे पत्र तू फाडणारच असशील, तर त्याआधी एकदा टेबलावर बोट आपट. आपटलंस? बोट टेकलेलं डोळ्यांना दिसलं, बोटाला कळलं आणि कानाने 'टक्' ऐकलं. तिन्ही एकदमच झालं ना? तर ते तसं नसतं. डोळ्याचा निरोप डोक्यात पोचायला वेगळा वेळ लागतो, कानाचा वेगळा. बोट तर बिचारं हाताच्या टोकाला, त्याचा निरोप लांबून येतो. आत कुणीतरी हे पुढेमागे आलेले निरोप एका ओळीत लावतं आणि आपल्याला सांगतं, सगळं एकदमच झालं हो. हे लावणारं कसं लावतं आणि कधी चुकतं, यावर मी काम करते. म्हणजे काम मॅडम करतात. मी माणसं बोलावते, त्यांना खुर्चीत बसवते, तारा जोडते आणि कंटाळली की चहा पाजते. पण गळ्यात माझ्या नावाचं ओळखपत्र आहे. तू मला 'प्रोफेसरीणबाई' म्हणायचास, ते अगदीच वाया गेलं नाही.

तुझा पत्ता स्टोअरकीपरकाकांनी दिला. त्यांच्यावर रागावू नकोस. मी डेपोच्या फाटकाशी पुन्हापुन्हा जाऊन उभी राहिले, तेव्हा कुठे त्यांना पाझर फुटला. "बोटींच्या गोदीत लागलाय तो," म्हणाले. "जमिनीवरच्या गाड्यांचं नाव काढत नाही."

घरी सगळं ठीक आहे. बाबा बस चालवतात, तीच. आई बरी आहे. तू बसवलेली दाराची बेल मात्र हल्ली दाबली की लगेच वाजत नाही. दाबणारा वाट बघून परत निघतो, तेव्हा ती वाजते. मी म्हटलं कुणाला तरी बोलावू या. बाबा म्हणाले, "राहू दे. वाजते ना शेवटी?" दुसऱ्या कुणाला तिला हात लावू देत नाहीत. याचा अर्थ मी काढत नाही, नुसतं कळवते.

मामा, मला एक सांग. त्या रात्री तू बसच्या दारात नक्की काय केलंस? डेपोने विचारलं होतं तसं मी विचारत नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय. का, ते पुढच्या पत्रात लिहीन. आत्ता लिहिलं तर मी उगाच उड्या मारीन, आणि नंतर काहीतरी निराळंच निघालं तर तोंडघशी पडेन.

तुझी भाची


२९ ऑक्टोबर

मामा,

तुझं कार्ड आलं! "व्हॉल्व्ह उघडून साफ केला. हवा गळत होती तिथलं पॅकिंग बदललं. दार नवं असताना जसं लागायचं तसं लागायला लागलं. लावून उघडून पाहिलं, ठीक होतं. आता याबद्दल विचारू नकोस. अभ्यास नीट कर." अभ्यास संपला मामा, नोकरी लागली. पण चालेल. चार ओळी का होईना, तुझं अक्षर आलं. मी ते कार्ड कुणाला दाखवलेलं नाही.

आता सांगते. खुर्चीत बसून सांगण्यासारखं नाही, मी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी राहून कठड्यावर कागद ठेवून लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस.

आमच्या खोलीला काळे पडदे आहेत. टेबलावर एक कळ, समोर वाटाण्याएवढा दिवा. बसणाऱ्याच्या कानावर हेडफोन असतो आणि त्यात धबधब्यासारखी खरखर चालू असते, म्हणजे कळीचा खटका ऐकू येऊ नये. कळ दाबली की दिवा चमकतो, पण लगेच नाही. आम्ही मुद्दाम अगदी जरासा उशीर ठेवतो, पापणी लवेल इतकाच. माणूस दाबत राहतो, दाबत राहतो. थोड्या वेळाने तो उशीर त्याला जाणवेनासा होतो. दाबलं आणि चमकलं, एकदमच. त्याच्या डोक्याने त्या उशिराशी जमवून घेतलेलं असतं. आणि मग, न सांगता, आम्ही तो उशीर काढून टाकतो.

मागच्या महिन्यात एकदा यायचा होता तो माणूस आला नाही, म्हणून मॅडम म्हणाल्या तूच बस. काय होणार ते मला पाठ होतं. दुसऱ्यांना होताना मी रोज बघते. एकजण तर ओरडला होता, "ताई, या यंत्राला माझ्या मनातलं कळतं!" तरी सांगते, मी बसले, दाबत राहिले, आणि एकाएकी दिवा आधी चमकला. मग माझं बोट खाली गेलं. मामा, मी ते पाहिलं. शपथेवर सांगितलं असतं. खरं तर बोट आधीच गेलेलं होतं, यंत्राच्या कागदावर तसं उमटलंय. पण उशिराची सवय लागलेल्या डोक्याला, वेळेवर आलेला उजेड वेळेआधी आल्यासारखा वाटतो. दिव्याऐवजी 'टिक्' असा आवाज दिला तरी तेच होतं.

माझ्या अंगावर काटा आला तो यंत्रामुळे नाही. ही बाबांची वाक्यं होती. "दार आधी लागलं, मग माझं बोट बटणावर गेलं." चौकशीत, घरात, जेवताना, शेजाऱ्यांना, तुला तुझ्या तोंडावर. शब्दही न बदलता.

आठव ना ते दार. बाबा म्हणायचे, "या दाराला आधी आमंत्रण द्यावं लागतं, मग ते विचार करतं, मग येतं." बटण दाबलं की फुस्स करून थांबायचं आणि मग सावकाश मिटायचं. त्यामुळे शेवटचा माणूस पायरीवर असतानाच बाबा बटण दाबायचे. त्या बसवरचे सगळेच ड्रायव्हर तसं करायचे. रोज तेच रडगाणं ऐकून तू वैतागलास आणि रात्रपाळीत, कुणी सांगितलेलं नसताना, ते दार नव्यासारखं करून ठेवलंस. बाबांना न सांगता. सकाळी त्यांची गंमत होईल म्हणून. पहिल्याच थांब्यावर त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचं मनगट दारात सापडलं आणि मोडलं.

तू दार बिघडवलं म्हणून तुझी नोकरी गेली. बाबा खोटं बोलतात म्हणून तू घर सोडलंस. आणि दोन्ही खोटं आहे मामा! दार बरोबर होतं. बाबांनाही जसं दिसलं तसंच त्यांनी सांगितलं. कुणीच लबाड नाही! दीड वर्ष आपण एकमेकांची तोंडं बघितली नाहीत ती एका पापणीएवढ्या वेळासाठी.

मी आज जेवले नाही. भूकच नाही. तुझ्या उत्तराची वाट बघते.

भाची


६ नोव्हेंबर

मामा,

तुझं उत्तर नाही. बरंच झालं म्हणायचं.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या असं करतात तेव्हा समोरच्याचा उत्साह थोडा पुसणार असतात. म्हणाल्या, "एका खोलीतला दिवा म्हणजे रस्त्यावरची बस नव्हे. तुझ्या वडिलांना तेच झालं असं मी लिहून देणार नाही. होऊ शकतं, एवढं म्हणेन." मग दाराशी जाऊन परत वळल्या. "आणि एक बघ. हे ज्याचं बोट हलतं त्यालाच होतं. शेजारी नुसता बघत बसलेला असेल ना, त्याला सगळं नीट दिसतं. आधी बोट, मग दिवा."

मला एकदम त्या बाई आठवल्या. त्या पुढच्या दारातून चढत होत्या, ड्रायव्हरच्या अगदी शेजारून. चौकशीत त्या म्हणाल्या होत्या, "यांनी बटण दाबलं, मग दार आलं." सगळ्यांनी मान हलवली होती, की हाड मोडलेल्या बाईला काय कळतंय. आपणही हलवली होती.

मग मला जे आधीच कळायला हवं होतं ते कळलं. उजेड पडायला उशीर लागला म्हण. मी तुला लिहिलं की कुणीच लबाड नाही, आणि नाचले. पण मामा, बाबा लबाड नाहीत, हे जर खरं, तर त्याच दमात हेही खरं आहे की बटण त्यांनीच दाबलं. बाई पायरीवर असताना. दार स्वतःहून आलं नाही. बाबांनी दीड वर्ष स्वतःला सांभाळलं ते एकाच आधारावर, की माझा हात नंतर गेला. मी त्यांच्याकडे जाऊन काय सांगू? "बाबा, आनंदाची बातमी, तुम्ही खोटं बोलला नाहीत. फक्त मनगट तुम्हीच मोडलं."

मी कालपासून रस्त्याने चालते आहे, एक थांबा आधी उतरते आणि चालते. सत्य कळलं की माणसं मोकळी होतात असं मला शाळेपासून वाटत आलंय. तुला सोडवायचं तर त्यांना अडकवावं लागतं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

मी त्यांना सांगणार नाही. तू सांग, काय करू?


१९ नोव्हेंबर

मामा,

मी सांगितलं. म्हणजे सांगितलं नाही, दाखवलं. ते सांगण्यापेक्षा वाईट.

खरं तर मागचं पत्र लिहिलं तेव्हाच माझं ठरत आलं होतं, फक्त कबूल करवत नव्हतं. बाबांना म्हटलं, आमच्याकडे माणसं कमी पडतायत, सुट्टीच्या दिवशी याल का? ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. दारात पाय पुसले. मॅडमना म्हणाले, "आमच्या घरात शिकलेलं हे पहिलंच माणूस आहे, जरा सांभाळून वापरा." मॅडम हसल्या आणि मुद्दाम बाहेर गेल्या.

हेडफोन लावताना म्हणाले, "हे काय, विमान चालवायचंय?"

"नाही बाबा, फक्त कळ दाबायची. आणि काय आधी झालं ते सांगायचं, बोट की दिवा."

"एवढ्यासाठी सरकार पगार देतं?"

ते दाबत राहिले. त्यांचं बोट बघवत नव्हतं मला. अंगठ्याशेजारचं ते बोट, त्याच्या पेराला घट्टा आहे, बटणाचाच. मी उशीर काढला. बाबा थांबले. पुन्हा दाबलं. मग हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणाले, "यंत्र बिघडलं तुमचं. दिवा आधी लागतोय."

"पुन्हा बघा."

"बघितलं ना. आधी लागतोय. मी दाबायच्या आत." आणि हे म्हणता म्हणता त्यांचा आवाज खाली गेला. आपलेच शब्द त्यांना ऐकू आले असावेत. कळीकडे बघत बसले. दिव्याकडे नाही. मग म्हणाले, "आणि खरं काय असतं?"

मी खोटं बोलायला हवं होतं. येत नाही.

"बोट आधी असतं, बाबा. दर वेळी."

त्यांनी हेडफोन काढून वायर नीट गुंडाळून ठेवली. जाताना बोलले एवढंच, "मॅडमना सांग, यंत्र ठीक आहे."

घरापर्यंत आम्ही चालत आलो. ते माझ्यापेक्षा अर्धं पाऊल मागे होते. लहानपणी मी त्यांच्या मागे असायचे.


२४ नोव्हेंबर

मामा,

तुझं कार्ड पोचलं. "दाजींना त्रास देऊ नकोस. झालं ते झालं. मी इथे मजेत आहे. बोटींना दारं नसतात." वाचून हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

तू म्हणतोस थांब. आईही तेच म्हणते. ज्यांच्यासाठी मी हे करते असं मला वाटत होतं, तेच दोघं म्हणतात थांब.

आईला कळलं, कारण बाबांचं वागणं लपत नाही. ते आता प्रत्येक थांब्यावर स्वतःच्या बोटाकडे बघतात. बटणावर बोट ठेवतात, थांबतात, आरशात बघतात, पुन्हा बोटाकडे बघतात, मग दाबतात. बस उशिरा धावते. एक प्रवासी ओरडला, "काका, मुहूर्त बघताय का?" घरी दिव्याचं बटण दाबतानाही तेच. दाबतात आणि वर बघतात, कुणी फसवलं का बघायला. परवा रस्ता ओलांडताना माझा दंड धरून म्हणाले, "गाडी दिसते ती आहे तिथेच असते ना गं?" मी म्हटलं हो. पण त्यांनी दंड सोडला नाही.

आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. हातात झारा.

"काय दाखवलंस त्यांना?"

मी सांगितलं. जमेल तितकं सोपं करून. आईने मध्ये एकदाही 'म्हणजे काय' विचारलं नाही.

"म्हणजे माझ्या भावाने काही बिघडवलं नव्हतं."

"नाही."

"आणि हे खोटं बोलत नव्हते."

"नाही."

"मग मी दीड वर्ष कुणावर रागावले होते?" असं म्हणून तिने झारा ओट्यावर ठेवला आणि लगेच तिचा नूर पालटला. "आणि आता यांनी जाऊन सांगितलं, की बटण मीच दाबलं, तर? यांना गाडीवरून उतरवतील. भाऊ गेलाच आहे, आता नवऱ्यालाही घरी बसवतेस? तुझं शास्त्र उंबऱ्याबाहेर ठेवत जा, चपलांशेजारी!"

मी म्हटलं, "मी कुठे म्हटलं जाऊन सांगा?"

"तू म्हणायला कशाला हवंस? मी ओळखत नाही का त्यांना? ते जाणार."

मामा, आई बरोबर म्हणते. मला हेही ठाऊक आहे की ते गेले तर तुझं नाव स्वच्छ होईल. आणि त्यांचं काय होईल ते आई म्हणाली तेच. मी दोन्ही बाजूंनी विचार करते आणि दोन्ही बाजूंनी माझंच माणूस दिसतं. रोज संध्याकाळी बाबा घरात आले की मी त्यांचा चेहरा बघते, आज सांगून आले का. आणि नाही असं दिसलं की मला आधी बरं वाटतं, आणि मग त्याची लाज वाटते. की लाज आधी वाटते? मला आता माझ्याही आधी-नंतरचा भरवसा उरला नाही.


८ डिसेंबर

मामा,

ते गेले. मलाही बरोबर नेलं. "शास्त्राचं काही विचारलं तर तू बोल," म्हणाले, "बाकीचं मी बोलतो."

पण आधी आम्ही डेपोत गेलो नाही. बाबा त्या शिवणकामाच्या बाईंकडे गेले. त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा आहे. मनगट जुळलंय, पण कात्री डाव्या हाताने चालवतात. बाबांना बघून त्यांनी मशीन थांबवलं. बाबा उभेच राहिले. "तुम्ही बरोबर बोलला होतात. बटण मी आधी दाबलं होतं."

बाई म्हणाल्या, "मला माहीत होतं. मी बघितलं होतं ना."

"मग तेव्हा भांडला का नाहीत?"

"काय भांडू? तुमच्या तोंडाकडे बघितलं तर तुम्हीही खरंच बोलत होतात. मी घरी जाऊन विचार करत बसले, की दोन खरं बोलणाऱ्यांच्या मध्ये माझा हात कसा मोडला?" मग म्हणाल्या, "बसा. तुमच्या शर्टाचं बटण लोंबतंय." आणि अंगावरच लावून दिलं, डाव्या हाताने. वेळ लागला. बाबा मान वर करून भिंतीकडे बघत उभे होते.

डेपोत मॅनेजर तेच आहेत. बाबांनी सांगितलं. त्यांनी डोकं धरलं.

"म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं बोललात?"

"नाही साहेब."

"मग आत्ता खोटं बोलताय?"

"नाही साहेब. मला अजूनही तेच आठवतं. डोळे मिटले की आजही दार आधी येतं, मग माझं बोट. मरेपर्यंत तसंच दिसणार बहुतेक. पण तसं झालेलं नाही. दाबलं मीच, बाई पायरीवर असताना. दुरुस्ती बरोबर होती. मेव्हण्याचा दोष नाही."

"अहो, आठवतं एक आणि सांगताय दुसरं. मी लिहू काय?"

कोपऱ्यातल्या क्लार्कबाई मान वर न करता म्हणाल्या, "तेच लिहा साहेब. आठवतं एक, झालं दुसरं. माझ्या सासूबाईंचं रोज असंच असतं." मॅनेजरना हसू आलं, पण बाबा हसले नाहीत. मॅनेजर माझ्याकडे वळले. मी सांगू लागले, दिवा, कळ, उशीर, सवय. मॅडमचं वाक्यही प्रामाणिकपणे सांगितलं, की हे होऊ शकतं एवढंच, झालंच असं नाही. मला वाटलं, मी घाण केली. पण ते वाक्य ऐकल्यावर मॅनेजर पहिल्यांदा नीट बसले. म्हणाले, "शंभर टक्के खात्री असलेली माणसं मी रोज ऐकतो. बोला पुढे."

त्यांनी लिहून घेतलं. तुझं प्रकरण पुन्हा उघडणार. आणि निकाल लागेपर्यंत बाबांनी गाडीला हात लावायचा नाही. चौकशीच्या खिडकीत बसायचं, कुठली बस कधी सुटते ते सांगायचं.

बाहेर आल्यावर मी रडायला लागले. बाबा म्हणाले, "आता का रडतेस? तू काय केलंस? बटण मी दाबलंय." आणि मामा, खरं सांगते, त्या दिवशी परत येताना ते माझ्या पुढे चालत होते.


१० जानेवारी

मामा,

डेपोचं पत्र तुला मिळालं असेल. दुरुस्तीत दोष आढळला नाही. विनापरवानगी काम केल्याबद्दल ताकीद. पुन्हा कामावर येण्यासाठी अर्ज करता येईल. घेतीलच असं लिहिलेलं नाही, तेव्हा मी फार उड्या मारत नाही, शिकले आहे. बाबांना गाडी परत मिळणार नाही. ते ठरलं. खिडकीतच राहणार. पहिले काही दिवस रिकाम्या हाताची बोटं टेबलावर वाजवत बसायचे, म्हणे. आता लोक त्यांच्या खिडकीशी रांग लावतात, कारण ते बसची वेळ सांगून वर म्हणतात, "ही कागदावरची वेळ. खरी तुमच्या नशिबावर." आई म्हणते पगार कमी झाला आणि विनोद वाढले. पण आई रागावलेली नाही. तिने तुझी खोली झाडली. मी विचारलं का, तर म्हणाली धूळ होती.

तू नोकरीसाठी परत ये असं मी लिहीत नाही. तुला गोदी आवडत असेल तर तिथे राहा. फक्त एकदा ये.

मी काल बाबांना सांगितलं की मी तुला पत्रं लिहिते. त्यांना आधीच माहीत होतं. म्हणाले, "टपालाच्या पेटीपर्यंत तू ज्या चालीने जातेस, ती काय लपते?" मग म्हणाले, "लिहितेसच तर माझंही लिही." मी वही घेतली. ते बोलले तसं लिहिते, त्यांनी तुला ठेवलेल्या नावासकट, माझं काही घालत नाही.

"पान्या, दार फार छान केलं होतंस. मी त्या गाडीवर पुढे दीड वर्ष होतो, एकदाही अडलं नाही, आणि तुझं नाव मी एकदाही काढलं नाही. पण तू मला सांगायला हवं होतंस. गंमत करायची तर ड्रायव्हरशी करू नये. त्या एका गोष्टीवर मी अजून रागावलेलो आहे आणि पत्रातून मला रागावता येत नाही. समोर ये."

इथे ते थांबले. मला वाटलं झालं. मी वही मिटत होते, तेवढ्यात म्हणाले, "आणि बेलचं लिही. ती दाबली की लगेच वाजत नाही. त्याला वाटायचं, घरात कोणी नाही, आणि हा शहाणा परत फिरायचा."

"मग दुरुस्त करून घेऊ या ना, बाबा."

"करेल की तो आल्यावर. तोवर त्याला म्हणावं, येण्याचा दिवस तेवढा कळव. मी दाराशी खुर्ची टाकून बसतो. जिन्यातली त्याची पावलं मला कळतात, पाना खिशात वाजतो त्याच्या." मग बोटाचा तो घट्टा अंगठ्याने चोळत, दाराकडे बघत म्हणाले, "बटणाला त्याचं बोट लागायच्या आत दार उघडलेलं असेल. या वेळेला खरोखर. पाहिजे तर तुझ्या त्या मॅडमना मोजायला बोलाव."

दिवस कळव, मामा.

तुझी प्रोफेसरीणबाई